मंगळवारची आणि शुक्रवारची भाकर

जुन्या कैरोत, मध्ययुगात ज्याला फुस्तात म्हणत त्या वस्तीत, बेन एझ्रा नावाचे सिनेगॉग आहे. देवाचे नाव असलेला कागद फेकून द्यायचा नाही, या ज्यू रिवाजामुळे त्याच्या ‘गेनिझा’ नावाच्या कोठडीत शतकानुशतके कागद साठत गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतला मोठा भाग केंब्रिजला नेला. तिथे आज सुमारे १,९०,००० तुकडे जपून ठेवलेले आहेत. धर्मग्रंथांच्या पानांसोबत त्यांत गरिबांच्या याद्याही निघाल्या. ओळीला एक नाव आणि नावापुढे भाकरींचा आकडा. कुणी आंधळा, कुणी अनाथ, कुणी ‘अमक्याची विधवा’. भाकर मंगळवारी आणि शुक्रवारी वाटली जाई. मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण चार. श्लोमो गॉयटाइन आणि पुढे मार्क कोहेन या अभ्यासकांनी या चिटोऱ्यांवरून एका समाजाची मदतव्यवस्था उभी करून दाखवली. ती पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की होते. गरजवंताला टिकाऊ आधार मिळतो तो नियमाचा. देणाऱ्याच्या कळवळ्यावर आठवडे निघत नाहीत, आणि घेणाऱ्याची मान ताठ राहायची तर तीही नियमामुळेच राहते.

या नियमाची मुळे फुस्तातपेक्षा बरीच जुनी आहेत. हिब्रूत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात, आणि हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे गरिबाला द्यायचे ते त्याचे देणे लागतो म्हणून. मिश्ना आणि तालमूद या ग्रंथांनी या कल्पनेला कारभाराचे रूप दिले. गावात दोन निधी असत. ‘तमहुई’ म्हणजे रोजचे शिजलेले अन्न. दोन वेळच्या जेवणाची सोय नसलेल्या कुणाही आल्यागेल्यासाठी. ‘कुप्पा’ म्हणजे आठवड्याची पेटी. चौदा जेवणांची बेगमी नसलेल्या गावच्या गरिबासाठी. कुप्पाचे पैसे गोळा करायला दोघांनी जायचे, कारण पैशाच्या बाबतीत लोकांवर अधिकार एकट्याने चालवायचा नाही. वाटायला तिघे बसायचे, कारण कुणाला किती हा निवाडा आहे आणि निवाड्याला तीन माणसे लागतात. गोळा करणाऱ्याला वाटेत नाणे सापडले तरी ते स्वतःच्या खिशात टाकायचे नाही. आधी पेटीत टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. पाहणाऱ्याच्या मनात शंकेला जागा उरू नये, एवढी ही काळजी. दानावर जगणाऱ्यानेही आपल्या वाट्यातले थोडे दान करावे, हा नियम तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यामुळे देणारे आणि घेणारे अशा दोन जाती पडत नाहीत.

आपल्याकडे वार लावून, म्हणजे रोज एकेका ठरलेल्या घरी, जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा होती. त्या सात घरांनी पुष्कळांना शिकवले, पण प्रत्येक वार त्या घरच्या मर्जीवर असे, आणि मर्जी फिरली की तो दिवस उपाशी. फुस्तातमध्ये घर आणि पोट यांच्यामध्ये पेटी होती. गावातल्या दोन मंडळ्या, एक पॅलेस्टाइनच्या परंपरेची आणि एक बाबिलोनच्या, प्रार्थना वेगवेगळ्या सिनेगॉगांत करीत, पण गरिबांचा भार एकत्र उचलीत. वर्गण्यांच्या याद्यांत साध्या कारागिरांच्याही लहान रकमा दिसतात. धर्मादाय म्हणून दिलेल्या घरांचे भाडे निधीत येई. चार भाकरींवर आठवडा निघत नाही, म्हणून गहू, कपडे, रोख रक्कम आणि गरिबांच्या डोईपट्टीसाठी मदत अशी जोड असे. चाच्यांनी वा सैन्याने पकडलेल्यांना सोडवणे हे सर्वांत मोठे पुण्य, आणि खर्चही तसाच: माणशी साधारण ३३⅓ दिनार. ११६८ मध्ये क्रुसेडरांनी इजिप्तमधले बिल्बैस गाव घेतले, तेव्हा तिथल्या बंदिवानांसाठी पैसा उभा करण्यात नुकताच त्या देशात आलेला एक विद्वान पुढे होता. तो मैमोनिडीस. पुढे ११७८ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आपल्या धर्मसंहितेत त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरण्याची वेळच येऊ न देणे. दानाची पेटी नसलेली ज्यू वस्ती आपण पाहिली नाही, ऐकलीही नाही, असेही त्याने नोंदवले.

यावर पहिला आक्षेप असा की, नावांची यादी म्हणजे गरिबीची जाहिरात. आक्षेप खरा आहे, आणि फुस्तातच्या लोकांनाही तो जाणवत होता. अब्रूने जगणाऱ्या कष्टकऱ्याला ते अरबीत ‘मस्तूर’ म्हणत, म्हणजे झाकलेला. आणि मदत मागणे म्हणजे ‘चेहरा उघडा करणे’. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे समजावून सांगावे लागत नाही. अशा माणसासाठी खासगी पत्राची वाट होती, आणि ती पत्रे गेनिझात सापडली आहेत. यादी होती ती मुख्यतः कायमच्या निराधारांसाठी. त्यांना तर यादीने दर आठवड्याला नव्याने याचना करण्यातून सोडवले. भुकेल्याने अन्न मागितले तर चौकशी करू नये, कपडे मागितले तर करावी, असाही नियम होता; भुकेला वाट पाहायला लावायचे नाही हे त्यात स्पष्ट आहे. आणि व्यवस्थाच चुकली तर? अन्याय झालेल्याला, मग ती विधवा का असेना, भर सिनेगॉगात प्रार्थना थांबवून दाद मागता येई. तिची तक्रार ऐकेपर्यंत देवाचे नामस्मरणही थांबे.

दुसरा आक्षेप: हे सारे आपल्याच माणसांसाठी. याद्या ज्यूंच्याच आहेत, हे मान्य करावे लागते. त्या काळच्या इजिप्तमध्ये प्रत्येक धर्मसमाज आपले गरीब आपणच सांभाळी. तरी त्या ‘आपल्यां’त परदेशांतून आलेल्या, भाषाही न जुळणाऱ्या निर्वासितांची संख्या मोठी आहे, आणि शांततेसाठी परधर्मी गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर पोसावे, असा तालमूदचा दंडक आहे. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: कर्तव्य म्हणून दिले, तर त्यात प्रेम कुठे राहिले? माझ्या मते ते त्या तिसऱ्या माणसात राहिले, जो वाटपाचा निवाडा चुकू नये म्हणून आपला वेळ काढून बसतो. ते नाव नीट लिहिण्यात राहिले. कळवळा पुरासारखा येतो आणि ओसरतो. यादीतल्या आंधळ्याला तो ओसरल्यानंतरच्या मंगळवारीही भूक लागते.

म्हणून कुठल्याही मंडळाच्या, देवळाच्या, मशिदीच्या सेवाकार्याकडे पाहताना मोठ्या देणगीचा आकडा मी शेवटी वाचेन. आधी विचारेन, पैसे गोळा करायला किती जण जातात, वाटायला किती बसतात, आणि कुणाला काही म्हणायचे असेल तर प्रार्थना थांबते का. फुस्तातचे ते चिटोरे कुणी कौतुकासाठी लिहिले नव्हते. शुक्रवारी कुणाचे नाव राहून जाऊ नये, एवढ्यासाठीच ते लिहिले होते.