टाकाऊ लहरींचे धनी

१९१२ साली अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला आणि हौशी रेडिओवाल्यांना जागा दाखवून देण्यात आली. नौदलाच्या नि जहाजांच्या संदेशांत ही पोरं लुडबुड करतात, ही तक्रार जुनीच होती; एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाल्यावर तिला जोर चढला. त्या काळच्या समजुतीनुसार तरंगलांबी जितकी मोठी तितका पल्ला लांब. मोठी केंद्रं हजारो मीटरच्या लहरी वापरत. हौशींना मुभा मिळाली ती फक्त २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींची. थोडक्यात, गावाबाहेरची पडीक जमीन.

त्यांनी तीच कसायला घेतली.

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हॅम (हौशी रेडिओचालकाला जगभर हेच म्हणतात) रिसीव्हर घेऊन स्कॉटलंडला गेला. आर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकाठी तंबू ठोकून त्याने रात्री जागवल्या आणि कनेक्टिकटच्या एका हौशी केंद्राचा मोर्स संदेश अटलांटिकपलीकडून टिपला. लहर होती साधारण २३० मीटरची. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचा लेआँ देलॉय आणि कनेक्टिकटचा फ्रेड श्नेल सुमारे ११० मीटरवर एकमेकांशी बोलले. लहर निम्म्यावर आली, तरी महासागर ओलांडला गेलाच.

१८ ऑक्टोबर १९२४ ला तर कमाल झाली. न्यूझीलंडमधल्या मेंढपाळीच्या कुरणांवर राहणाऱ्या फ्रँक बेलने मोर्समध्ये हाक दिली आणि उत्तर आलं लंडनच्या मिल हिल शाळेतून. उत्तर देणारा सेसिल गॉयडर अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. दोघांमधलं अंतर सुमारे १९ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळपास अर्धा वळसा.

लहरी इतक्या लांब जातात, कारण त्या जमिनीला धरून न जाता वर जातात. सूर्यकिरणांमुळे वरच्या हवेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आयनांबराचे थर बनतात. लघुलहरी वरच्या थरातून वळून पुन्हा जमिनीवर उतरतात, तिथून उसळून परत वर जातात. दिवसा खालचा एक थर मोठ्या लहरींना गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि पल्ला वाढतो. लहरी परतवणारा थर खरोखर आहे याचा प्रायोगिक पुरावा एडवर्ड ॲपलटन यांनी मिळवला तो डिसेंबर १९२४ मध्ये, म्हणजे बेल-गॉयडर संभाषणानंतर.

गॉयडर पुढे हिंदुस्थानात आला. १९३६ पासून तो ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर होता. मध्यम लहरींचं केंद्र एखादं शहर आणि आसपासचा मुलूख सांभाळी. एवढ्या मोठ्या देशाला ते कुठून पुरणार? गॉयडरने लघुलहरींची जोड दिली आणि १९३८ मध्ये मुंबई केंद्रालाही लघुलहरींचा ट्रान्समीटर मिळाला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इथल्या हौशींना आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार तो चालवत. ट्रान्समीटर उभारला होता नरिमन प्रिंटर या एकेकाळच्या परवानाधारक हॅमने. पोलिसांना हुलकावणी देत जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत टिकलं. मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. सरकारी रेडिओचं लघुलहरींचं जाळं विणणारा हॅम, आणि सरकारविरुद्ध त्याच लहरींवर उभं राहिलेलं केंद्रही हॅमच्या हातचं!

या लहरींना वाटेत टॉवर लागत नाही, केबल लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि सहकारी अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. अनेक वर्षांत तिथून कुणा हॅमला परवानगी मिळाली नव्हती. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि छंदासाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली.

काँग्रेस रेडिओची ४२.३४ मीटरची लहर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. भारतातल्या हॅमना आज खुला असलेला ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा तिला पोटात घेतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्र सरकारची परीक्षा देता येते. पास झालं की सहसा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (हॅमचं ओळखचिन्ह) मिळतं. या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर तार गच्चीवर ताणली, तर दिवसा पुण्याहून नागपूर गाठता येतं आणि आयनांबराची स्थिती अनुकूल असेल तर रात्री युरोपही.