"औंदा उरकून टाकू"

उन्हाळ कांदा निघून चाळीत पडला की आमच्या कळवण भागात लग्नांचा हंगाम सुरू होतो. हातात चार पैसे येतात, शाळांना सुट्टी असते. पोरगी बारावी झाली रे झाली की आजी म्हणते, "औंदा उरकून टाकू."

यंदा आमच्या गल्लीतल्या एका मुलीने आजीलाच विचारले, "आजी, मी ओझं झाले का?" ही मुलगी नाशिकला नर्सिंग शिकते. वय वर्षे 22. वडील कांदा मार्केटात हमाल, आई लावणी-निंदणीच्या मजुरीला.

"मग करणार कधी?" आम्ही विचारले. उत्तर तयार होते. आधी पहिला पगार हाती यावा, धाकट्या भावाची दहावी व्हावी. मुलगा पितो का, हे ती त्याच्या गावच्या बायांकडून काढणार. मध्यस्थावर तिचा भरवसा नाही. दोघांची सिकलसेलची तपासणीही करणार. दोघेही वाहक असले तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, हे ती वर्गात शिकली आहे.

"आणि नवऱ्याला 'नाही' म्हणायचा धीर आला, म्हणजे मी तयार झाले."

हे ऐकून तिची आई गप्प बसली. ती सोळाव्या वर्षी या घरात आली. मुलीसाठी 18 वर्षांची अट कायद्यात 1978 पासून आहे, तरीही!

ही पोर काही नवे बोलत नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना हेच बजावले होते: लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ऐपत येण्याआधी मुलांवर लादू नका, बायकोने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हावे. जयंतीला आपण डीजे लावतो, हे भाषण मात्र सोयीने विसरतो. आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी तर अविवाहितच राहिल्या. दादासाहेब गायकवाडांबरोबर चळवळीत राबल्या, विधान परिषदेत गेल्या. सर्वांनी तसेच करावे, असे आमचे म्हणणे नाही.

आजीची भीतीही खोटी नाही. लोक बोलतात, वय वाढले की स्थळे कमी येतात. शिवाय तिची एक शंका आम्हालाही पटली: "उद्या पगारावर डोळा ठेवूनच येतील की!"

"म्हणून तर बँकेचं पुस्तक माझ्याजवळच राहील," नात म्हणाली.

आजीने यंदाचे स्थळ परत लावले आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणते.