यशवंत सागरावर मोठा कुरव शोधताना

थंडीतली सकाळ, धुकं उतरायच्या आत आम्ही यशवंत सागरच्या काठावर. इंदूरजवळ गंभीर नदीवरचा हा तलाव 2022 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

शोध मोठ्या कुरवाचा. किनारपट्टीवर कुरव रोजचेच, पण समुद्रापासून इतक्या आत हा क्वचितच. मध्य आशियातल्या तळ्यांवर वीण, हिवाळा आपल्याकडे.

तासभर नुसते सुरय. लांबून सगळी पांढरी पाखरं सारखीच दिसतात हो! सुरय हलका, चोच खाली करून पाण्यावर भिरभिरतो. मोठा कुरव घारीएवढा, चोच जाड पिवळी, टोकाशी काळा पट्टा. ऐन थंडीत डोकं पांढरट, डोळ्याशी काळपट डाग. डोकं काळं होतं ते हिवाळा सरताना. आम्ही उगाच काळं डोकं शोधत बसलो होतो.

होडीतले काका म्हणाले, "जाळं ओढताना बघा, तेव्हा येतात."

आले. दोन कुरव, पण लहान, तपकिरी डोक्याच्या जातीचे. मोठा नाहीच.

परतताना गवतात फाटकं नायलॉनचं जाळं दिसलं. त्यात अडकून मेलेला सुरय. जाळं आपल्यापैकीच कुणाचं तरी. काकांनी मुकाट्याने कापून बाहेर काढलं, होडीत टाकलं. पुढच्या रविवारी परत जातोय, कोयता घेऊन.