पिड नेमस्पेस: एका प्रोसेसचे दोन नंबर

जबलपूरला डुमना विमानतळ रस्त्यावरच्या आयआयआयटीडीएममध्ये किंवा आणखी कुठे ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या मराठी पोरापोरींसाठी ही पोस्ट. डॉकर सगळेच वापरतात, त्याखालचं कर्नल मात्र क्वचितच कोणी उघडून बघतं.

कंटेनरमध्ये पीएस कमांड दिली की मुख्य प्रोसेसचा नंबर १ दिसतो. होस्टवर तीच प्रोसेस, समजा, ४८१२ असते. प्रत्येक कंटेनरला नंबरांचा असा वेगळा संच देणारी ही पिड नेमस्पेसची सोय २००८ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.६.२४ पासून आहे.

आता ड्रायव्हर लिहिताय? मग नुसता नंबर साठवून ठेवू नका. प्रोसेस संपली की तोच नंबर पुढे दुसरीला मिळू शकतो, आणि तुमचा सिग्नल भलतीलाच मारतो! ‘स्ट्रक्ट पिड’ ठेवा. ‘गेट_पिड’ने रेफरन्स घ्या, काम झालं की ‘पुट_पिड’ने सोडा. नंबर काढायचा तो फक्त युजरला दाखवताना, त्याच्याच नेमस्पेसमधला.

खरी मेख प्रोसेसच्या नेमस्पेसचे पॉइंटर ठेवणाऱ्या ‘एनएसप्रॉक्सी’त आहे. त्यातला पिड नेमस्पेस प्रोसेसचा स्वतःचा नसतो, पुढे जन्मणाऱ्या मुलांचा असतो. स्वतःचा हवा तर ‘टास्क_अ‍ॅक्टिव्ह_पिड_एनएस’. शिवाय प्रोसेस बाहेर पडताना एनएसप्रॉक्सी नल होतो. म्हणून दुसऱ्या टास्कचा वाचताना ‘टास्क_लॉक’ घ्या आणि नल तपासा. लिनक्स ३.१७ च्या आधी इथे लॉकऐवजी आरसीयू चालायचं. जुनी उदाहरणं डोळे झाकून उतरवू नका.

सुरुवातीचे ते दोन नंबर एकत्र बघायचे तर होस्टवरून कंटेनरातल्या एखाद्या प्रोसेसची प्रोकमधली स्टेटस फाइल उघडा. ‘एनएसपिड’च्या ओळीत दोन्ही नंबर शेजारीशेजारी दिसतील.