विश्लेषण : चांगली सायकल सुट्या भागाअभावी का अडते? सतत बदलणाऱ्या मापांचा फटका कुणाला?

साध्या काळ्या सायकलचा बीबी एक्सल झिजला, तर दुकानदार कंपनीचे नावही न विचारता नवा बसवून देतो. लाखभर रुपयांच्या गिअरच्या सायकलबाबत मात्र आधी मॉडेल विचारले जाते, मग वर्ष, मग माप. त्यानंतरही ‘भाग मागवावा लागेल’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता असते. गेल्या पंचवीस वर्षांत सायकल उद्योगाने आणलेल्या नवनव्या मापांमुळे ही वेळ आली आहे.

बॉटम ब्रॅकेटचा गोंधळ काय?

दोन्ही पायडलना जोडणारा एक्सल फ्रेमच्या ज्या नळीत फिरतो, तेथील बेअरिंगच्या जोडणीला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. अनेक दशके या नळीचे सर्वाधिक प्रचलित माप ब्रिटिश पद्धतीचे होते : रुंदी ६८ मिमी, आत १.३७ इंच व्यासाचे आटे, एका इंचात २४. इटालियन फ्रेममध्ये ७० मिमीची नळी असे. मेकॅनिकला ही दोन मापे माहीत असली की बहुतेक काम भागे.

२००० साली कॅननडेलने ‘बीबी३०’ आणले. एक्सल ३० मिमी जाडीचा, वजनाला हलका, आणि आट्यांऐवजी बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबून बसवलेले. पाठोपाठ पीएफ३०, बीबी८६, बीबी९०, बीबी३८६, बीबीराइट अशी रांगच लागली. दाबून बसवलेल्या बेअरिंगसाठी फ्रेमचे भोक अत्यंत अचूक असावे लागते. ते किंचित चुकले तरी पायडल मारताना करकर सुरू होते. ही तक्रार इतकी वाढली, की २०१५ च्या सुमारास ४७ मिमी व्यासाचे, पण पुन्हा आट्यांचेच ‘टी४७’ आले. बीबी९० वापरणाऱ्या ट्रेकनेही पुढे ते स्वीकारले. स्पेशलाइज्डने तर २०२० च्या ‘टारमॅक एसएल७’ या महागड्या रेसिंग सायकलला जुनेच ६८ मिमीचे आटे दिले. कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या, पण मधल्या काळात विकलेल्या फ्रेम त्यांच्या मालकांकडेच राहिल्या.

चाकांचे काय झाले?

माउंटन बाइकच्या मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिमी होती, मग आरपार एक्सलसह १४२ आणि २०१४-१५ पासून ‘बूस्ट’ नावाने १४८ मिमी झाली. म्हणजे दर बाजूला फक्त तीन मिमीची वाढ! त्यामागे तांत्रिक कारण होते. २९ इंची चाकाचे स्पोक लांब असतात. हब रुंद केला की त्यांचा कोन वाढतो आणि चाक बाजूने लचकत नाही. पण १४२ चे उत्तम चाक १४८ च्या फ्रेममध्ये सरळ बसत नाही. त्यानंतर १५७ मिमीचा ‘सुपर बूस्ट’ही आला.

चाकाचा आकारही बदलला. वर्षानुवर्षे रुळलेले २६ इंची चाक २०१३-१४ च्या सुमारास नव्या माउंटन बाइकमधून झपाट्याने मागे पडले. त्यांचे टायर मिळतात, पण चांगल्या सस्पेन्शन फोर्कचे पर्याय मोजकेच उरले.

मग सगळेच बदल निरुपयोगी?

नाही. भर पावसात घाट उतरताना डिस्क ब्रेक रिमवरच्या ब्रेकपेक्षा खात्रीने काम करतो. आरपार एक्सलमुळे डिस्क असलेले चाक दरवेळी नेमक्या जागी बसते. हे फायदे चालवणाऱ्याला जाणवतात. काही ग्रॅम वजन वाचवण्यासाठी अख्खी नळी बदलणे त्या तोडीचे नाही.

कंपन्या असे का करतात?

नीट राखलेली सायकल कित्येक वर्षे चालते. त्यामुळे नवी विकायची, तर जुनी मागासलेली वाटायला हवी. शिवाय फ्रेम एका कंपनीची, गिअर दुसरीचे, फोर्क तिसरीचा. सर्वांवर एक माप बंधनकारक करणारी यंत्रणा नाही. ‘आयएसओ ४२१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण ते सुरक्षेच्या कसोट्या ठरवते. एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलला बसावा, असे ते सांगत नाही.

एकसारखेपणा शक्य आहे, हे डिरेलरच्या हॅन्गरने दाखवले. सायकल उजवीकडे पडली की हा छोटा तुकडा वाकतो आणि फ्रेम वाचते. त्याचे शेकडो आकार होते. २०१९ मध्ये स्रॅमने ‘यूडीएच’ हा एकच आकार आणून इतर कंपन्यांनाही खुला केला आणि अनेकांनी तो घेतला. अर्थात हा निव्वळ परोपकार नव्हता. २०२३ मध्ये स्रॅमने थेट याच रचनेच्या फ्रेमवर बसणारे नवे गिअर बाजारात आणले.

खरेदीआधी काय पाहावे?

बॉटम ब्रॅकेट आट्यांचे आहे का, हे विचारावे. हॅन्गर यूडीएच नसेल, तर सायकलसोबतच एक जादा घ्यावा. जुनी सायकल घेताना हबची रुंदी मोजून घ्यावी. टायर घेताना इंचांवर विसंबू नये. ‘२६’ लिहिलेल्या माउंटन बाइकच्या टायरचा व्यास ५५९ मिमी असतो, तर ‘२६ x १ ३/८’ चा ५९०. हे दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. उलट ‘२९’ आणि ‘७००सी’ ही नावे वेगळी, तरी रिमचा व्यास ६२२ मिमीच. टायरच्या कडेला छापलेला हा तीन आकडी क्रमांक दुकानात जाण्याआधी टिपून घेतला, तर एक हेलपाटा नक्की वाचतो.