तित्तिर व लावा

मुंबईत गिरगावालगतच्या खेतवाडीत डॉ. सलीम अली यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १८९६ सालचा. त्या काळी घरच्या स्वयंपाकासाठी जिवंत तित्तिर व लावे विकत आणीत. त्यांपैकी काही पक्षी आपण सुरीपासून वाचवून पाळले, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ सालचे. त्याचा एक उगम असा स्वयंपाकघराच्या दारात आहे.

खेतवाडीत आज माळरान नाही. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेमागे मात्र ते आहे, आणि तरीही या दोन पक्ष्यांविषयी वर्गात घोटाळा होतो. एका शाळेच्या भेटीत एका मुलाने फासात सापडलेला पक्षी सदऱ्यात झाकून आणला होता. गुरुजींनी ‘हे तित्तिराचे पिल्लू’ असे सांगितले. मी तेथे बसलो असूनही दुरुस्ती केली नाही. खरे तर त्या क्षणी मलाही खात्री नव्हती. तो पूर्ण वाढलेला लावा होता.

दोन्ही पक्षी जमीन उकरून दाणे व किडे टिपणारे. चरकसंहितेत अशा पक्ष्यांना ‘विष्किर’ म्हटले असून लाव व तित्तिर हे दोन्ही त्या वर्गात येतात. कुळ एक, परंतु जाती भिन्न. तित्तिराची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, लाव्याची त्याच्या निम्मी. मात्र केवळ आकारावर विसंबू नये, कारण तित्तिराची पिल्ले अंड्यातून निघताच आईबापांमागे धावू लागतात व वाढत्या वयात लाव्याएवढी दिसतात. खूण अंगावर पाहावी. तित्तिराच्या फिकट पिवळसर गळ्याभोवती बारीक काळी रेघ असते. लाव्याच्या नराची छाती पांढरी व तीवर काळ्या आडव्या रेषा. मादीची छाती साधी, विटकरी.

याहून सोपी खूण वागणुकीची. तित्तिर चाहूल लागताच प्रथम पळतो आणि अगदी नाइलाज झाला म्हणजे उडतो. उडताना शेपटीचा तांबूस रंग दिसतो. पहाटे त्याची खणखणीत हाक दूरवर ऐकू जाते. लावा उलट वागतो. आपला पाय जवळजवळ अंगावर पडेपर्यंत सारा थवा दबून बसतो आणि मग एकदम फुटल्यासारखा चहूकडे उधळतो.

रात्रीचा निवाराही निराळा. तित्तिर बहुधा बाभळीसारख्या काटेरी झाडावर वा झुडपात बसतो. लावे जमिनीवरच, तोंडे बाहेर करून वर्तुळात बसतात. संकट कोणत्याही बाजूने आले तरी कोणाला तरी ते दिसते. ही युक्ती कोल्ह्यापुढे चालते, फासापुढे नाही. आणि रात्री बांधावरचे गवत पेटविले तर पहिला धोका लाव्यांना असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही रानपक्ष्यांना संरक्षण दिले आहे; त्यांना पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. बाजारात मिळणारी पाळीव बटेर ही जपानी जात होय. पालक तिचा दाखला देऊन वाद घालतात, म्हणून हा भेद शिक्षकास ठाऊक असावा. मुलाला दरडावण्यापेक्षा फास त्याच्याच हातून सोडवून घेणे मला अधिक बरे वाटते.

परिसर-अभ्यासासाठी मुलांना माळावर नेल्यास आणि लाव्यांचा थवा उठल्यास त्यांना मागे धावू देऊ नये. जागीच शांत बसवावे. थोड्या वेळाने पांगलेले पक्षी शिट्ट्या घालून एकमेकांना बोलावू लागतात. त्या शिट्ट्या किती दिशांनी आल्या व शेवटी कोणत्या झुडपाकडे जमल्या, हे मुलांनी वहीत लिहावे.