दांडा सैल का होतो?

मे महिन्यात नशिराबादला आमच्या नातेवाइकांच्या शेतावर बांधाला झाडे लावायची म्हणून खड्डे खणणे चालू होते. टिकाव डोक्यावर उचलला की त्याचे लोखंड दांड्यावरून घसरत हातापर्यंत येई. दोनदा बोटे थोडक्यात वाचली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नेहमीचा उपाय सांगितला, "रात्रभर हौदात टाकून ठेवा." सकाळी दांडा अगदी घट्ट! पण तिसऱ्या दिवशी तो पूर्वीपेक्षाही सैल झाला. असे का व्हावे?

लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५-१६ टक्के पाणी राहते. जळगावकडच्या उन्हाळ्यात आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ते ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी गेले की लाकूड आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा फरक जवळजवळ नसतोच, आडव्या दिशेने मात्र बराच असतो. त्यामुळे ४ सेंटिमीटर जाडीचा दांडा पावसाळ्यातून उन्हाळ्यात येताना अर्धा ते एक मिलिमीटर बारीक होऊ शकतो. लांबी होती तेवढीच राहते. लोखंडाचे नेढे मात्र उन्हात किंचित मोठेच होते.

आता हौदातला दांडा पाहू. भिजलेल्या लाकडाला फुगायचे असते, पण भोवती लोखंडाचे कडे असते. बाहेर जागा नाही, म्हणून लाकडातील पोकळ नलिकाच चेपल्या जातात. ओलावा आहे तोवर पकड घट्ट वाटते. वाळताना हे चेपलेले लाकूड आपल्या नव्या, लहान आकारापासून आकसू लागते. म्हणजे दर भिजवणीला दांडा थोडा थोडा बारीक होत जातो. पाणी हा उपाय एका दिवसापुरता खरा. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी द्यावी लागते.

शेवटी नवा दांडा करायचा ठरले. लाकूड बाभळीचे, पण पुरते वाळलेले. ओल्या लाकडाचा दांडा बसवणे म्हणजे सैल दांडाच बसवणे. तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत; ते मध्येच तिरपे बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच चिरतो. सुताराने नेढ्याच्या आत काजळी फासली, दांडा ठोकून बसवला आणि पुन्हा काढला. जिथे काळे डाग उमटले तेवढेच तासले. असे चार-पाच वेळा केल्यावर डाग सगळीकडे सारखे आले. लोखंड आणि लाकूड एकदोन उंचवट्यांवर न टेकता पूर्ण पृष्ठभागावर टेकले, तरच पकड टिकते.

सातपुड्यातले धामणाचे लाकूड लवचीक म्हणून दांड्यांना आणि कावडीला वापरतात. बिलियर्डच्या काठ्यांसाठीही ते वापरले जाते. भुसावळहून रेल्वेने जबलपूरला जाता येते. तिथे १८७५ मध्ये स्नूकर हा खेळ जन्मला. त्या खेळातील दोन तुकड्यांच्या काठीचा पुढचा भाग बदलतानाही हेच पाहावे लागते. स्क्रूचे आटे जुळायला हवेत, शिवाय दोन्ही तुकड्यांची तोंडे एकमेकांना पूर्ण टेकायला हवीत. स्क्रू फक्त ओढून धरतो, धक्का तोंडांमधून जातो.

आता वर्गातली गोष्ट. जडत्व शिकवताना आपण सांगतो की सैल हातोड्याच्या दांड्याचे बूड जमिनीवर आपटले की हातोडा घट्ट बसतो. दांडा थांबतो, डोके जडत्वाने खाली जाते आणि खाली दांडा जाड असतो. हे हातोड्यापुरते बरोबर आहे. टिकावाचा दांडा मात्र वरच्या टोकाला जाड असतो आणि लोखंड खालच्या टोकाकडून चढवलेले असते. तो फिरवताना लोखंड बाहेरच्या, म्हणजे जाड टोकाकडे जाऊ पाहते आणि दर घावाला आवळत जाते. म्हणूनच त्याला पाचर लागत नाही. अशा टिकावाचे बूड आपटले तर लोखंड घट्ट होण्याऐवजी निसटून खाली येईल! तो उलटा धरून जाड टोक दगडावर आपटायला हवे. विद्यार्थ्यांना दोन्ही अवजारे दाखवून, कोणते कसे आपटायचे हे आधी विचारावे. आम्ही विचारले तेव्हा बहुतेकांनी पाठ केलेले उत्तर दिले आणि टिकावाचे लोखंड सरळ जमिनीवर आले. (हा प्रयोग करताना पाय दूर ठेवावेत.)

हातोड्याची गोष्ट वेगळी. घाव घालताना त्याचे डोके बारीक टोकाकडून उडून जाऊ पाहते, त्यामुळे तिथे पाचर हवीच. बऱ्याच हातोड्यांचे नेढे मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असते. पाचर ठोकली की दांड्याचे वरचे टोक फाकते आणि डोके मध्ये अडकून राहते. शाळेच्या बागेची अवजारे जुलैत बाहेर निघतात, तेव्हा दमट हवेने दांडे फुगलेले असतात आणि सगळे घट्ट वाटते. तपासणी करायची तर ती एप्रिल-मेमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी करावी. दांड्याच्या उघड्या टोकाला जवसाचे तेल दोन-तीनदा पाजावे. तंतूंच्या कापलेल्या तोंडांतूनच पाण्याची ये-जा सर्वांत जास्त होते.